शेजाराची सोडत

म्हाडाची सोडत म्हणजे काय, हे मुंबई-पुण्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पडद्यावर नावे सरकतात, कुणी देव पाण्यात घालून बसलेले असते, आणि ज्याला घर लागले नाही तो फार तर नशिबाला बोल लावतो. सोडतीत वशिला चालू नये अशी व्यवस्था असते, आणि वशिला नसला की न्याय झाला असे आपण धरून चालतो. १९९५ साली जपानमधल्या कोबे शहराच्या कारभाऱ्यांनीही तेच धरले होते. भूकंपात घर गेलेल्यांना तात्पुरती घरे द्यायची होती, मागणारे फार होते, घरे थोडी होती, म्हणून त्यांनी सोडत काढली. सोडत स्वच्छ होती. तिने काय मोडले हे लक्षात येईपर्यंत नव्या घरांतून माणसे मरू लागली होती.

त्या वर्षी १७ जानेवारीला पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी कोबे आणि सगळा ह्योगो प्रांत हादरला. ६,४३४ माणसे गेली. पडली ती मुख्यतः जड कौलांची जुनी लाकडी घरे, आणि नागातासारख्या भागात त्यांच्या ढिगाऱ्यांनी पेट घेतला. नागाता म्हणजे कष्टकऱ्यांची वस्ती. बूट-चपलांचे छोटे कारखाने, खाली काम आणि वर बिऱ्हाड, अरुंद गल्ल्या, सगळ्यांचे मिळून एक स्नानगृह. बरीच म्हातारी माणसे वर्षानुवर्षे त्याच खोलीत भाड्याने राहत होती. घर पडले तशी भाड्याची खोलीही गेली आणि गल्लीही. तीन लाखांवर माणसे शाळांच्या आणि सभागृहांच्या फरशीवर झोपत होती. प्रांताने सात महिन्यांत ४८,३०० तात्पुरती घरे उभी केली. ही कामगिरी लहान नव्हे. आपल्याकडे सात महिन्यांत पंचनाम्यांच्या दुरुस्त्याही आटपत नाहीत.

पण शहरात मोकळी जमीन कुठून आणायची? मिळाली ती समुद्रात भराव घालून केलेल्या बेटांवर आणि पश्चिम-उत्तरेच्या डोंगराळ उपनगरांत. जुन्या वस्तीपासून बसने आणि रेल्वेने तास तास लांब. आधी कुणाला द्यायचे, याचे उत्तर कुणालाही सुचेल तेच होते: म्हातारे, अपंग, आजारी, एकट्या आया. त्यावर वाद घालणार कोण? त्यांना प्राधान्य मिळाले, त्यांच्यातून चिठ्ठ्या निघाल्या, आणि ज्याच्या नावावर जी वसाहत आली तिथे तो गेला. दोन-तीन महिन्यांत असे झाले की दूरच्या माळावर पत्र्या-फळ्यांच्या घरांच्या ओळीच्या ओळी उभ्या आहेत, त्यांत ज्यांना सोबतीची सर्वांत जास्त गरज ती माणसे राहत आहेत, आणि कुणीच कुणाला ओळखत नाही. शहरात याच माणसाला भाजीवाली हटकत असे, स्नानगृहात दोन दिवस दिसला नाही तर कुणी दार वाजवत असे. त्या सगळ्यांना वेगवेगळ्या ठिकाणच्या चिठ्ठ्या लागल्या होत्या.

घर साधारण २६ चौरस मीटरचे, म्हणजे २८० चौरस फुटांचे. दोन लहान खोल्या, ओटा, न्हाणी-संडास. भिंती इतक्या पातळ की शेजारचा खोकला ऐकू येई. एवढे ऐकू येऊनही माणूस मेल्याचे कळत नसे, ही त्यातली भयानक गोष्ट. ह्योगो प्रांतातल्या तात्पुरत्या घरांमधून पाच वर्षांत अशी २३३ माणसे एकटी मरून पडलेली सापडली, काही दिवसांनी, काही त्याहून उशिरा. जपानीत याला कोदोकुशी म्हणतात. वर्तमानपत्रांनी त्याचे आकडे छापायला सुरुवात केली तेव्हा सगळ्यांचा अंदाज असा होता की या ऐंशीच्या पुढच्या म्हाताऱ्या असणार. निघाले वेगळेच. यांत पुरुष कितीतरी जास्त होते, आणि बरेच जण पन्नाशी-साठीतले. काम गेलेले, बायको नसलेले किंवा बायको सोडून गेलेले, यकृत दारूने पोखरलेले.

हे कोडे ज्यांनी जवळून पाहिले त्यांत इसाओ नुकादा नावाचे डॉक्टर होते. कोबेत त्यांचे रुग्णालय होते. सेइशिन भागातल्या एका मोठ्या तात्पुरत्या वसाहतीत त्यांनी दवाखाना उघडला आणि पुढे १९९९ मध्ये या मृत्यूंवर पुस्तक लिहिले. त्यांच्या मांडणीत भूकंप हे कारण कमी आणि निमित्त जास्त होते. जुनाट आजार, थोडी कमाई आणि तुटलेली नाती घेऊन हे पुरुष आधीपासूनच कडेला उभे होते. गल्लीत ते पोटापुरते टिकून होते, कारण तिथे उधारी देणारा दुकानदार होता आणि ओळखीचा मुकादम होता. वसाहतीत आल्यावर हातात रिकामा वेळ उरला आणि बाटली उरली.

त्याच वसाहतीत युको कुरोदा काम करत होत्या. ताकाराझुकाच्या रुग्णालयात त्या वरिष्ठ परिचारिका होत्या. भूकंपानंतर त्यांनी नोकरी सोडली. वसाहत १,०६० घरांची, कोबेतली सर्वांत मोठी. कुरोदांनी आणि त्यांच्या सोबतच्या स्वयंसेवकांनी तिथे रात्रंदिवस पाळत ठेवली. पाळत हा शब्द मुद्दाम वापरला आहे, कारण काम तसेच होते. दारात साचलेली वर्तमानपत्रे, भर दिवसा जळणारा दिवा, तारेवर तीन दिवस तसाच असलेला सदरा, यावरून कुठल्या घरात काय चालले असेल हे ताडायचे. दार वाजवायचे. आतून शिव्या आल्या तरी बरे, आवाज तर आला. नंतर हाच प्रकार सरकारी योजनांत शिरला आणि घरोघर चौकशी करत फिरणारे पगारी कार्यकर्ते नेमले गेले. कुरोदा २०१४ मध्ये वारल्या. त्याआधी २०११ च्या सुनामीनंतर, वयाच्या सत्तरीत, त्या केसेन्नुमाच्या तात्पुरत्या वसाहतीत पुन्हा तेच करत होत्या.

पन्नासच्या वर घरे असलेल्या वसाहतींत सरकारने सभागृहेही बांधून दिली. तिथे चहा होई, गाणी होत, रक्तदाब मोजून मिळे. बायका येत. पुरुष येत नसत, आणि मरत ते पुरुषच होते. याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यातून एवढेच समजते की चहाला चला म्हटले की बायकांना ते आमंत्रण वाटते आणि पुरुषाला दया. त्याला हातात करवत देऊन बाक दुरुस्त करायला बोलवा, तो येतो. ईशान्य जपानच्या वसाहतींत पुढे सुतारकाम, भाजीचे वाफे, पुरुषांचे स्वयंपाकाचे वर्ग असे उद्योग निघाले ते याच अनुभवातून.

कोबेचा धडा पहिल्यांदा उपयोगी पडला तो एका डोंगरी गावाला. २३ ऑक्टोबर २००४ रोजी निईगाता प्रांतात भूकंप झाला. यामाकोशी हे तिथले चौदा वाड्यांचे गाव. डोंगरउतारावर भाताची खाचरे, रंगीत कोइ माशांची तळी आणि बैलांच्या झुंजींची जुनी परंपरा. दरडी कोसळून सगळे रस्ते तुटले. दोन हजारांवर माणसे हेलिकॉप्टरने खाली नागाओका शहरात आणावी लागली. मागे राहिलेले झुंजीचे बैलही नंतर हेलिकॉप्टरने उचलून आणले. बैल आणण्यावर एवढा खर्च कशाला, असे तिथेही कुणी म्हटले असेल. पण ज्याने बैल पाळला आहे त्याला हे विचारावे लागत नाही.

गावचे प्रमुख तादायोशी नागाशिमा. माणसे उतरली तशी शहरातल्या वेगवेगळ्या निवाऱ्यांत विखुरली गेली होती. नागाशिमांनी ती पुन्हा हलवली आणि एकेका वाडीची माणसे एकेका निवाऱ्यात एकत्र केली. दमलेल्या, सर्वस्व गेलेल्या माणसांना थोड्याच दिवसांत दुसऱ्यांदा बोचकी उचलायला लावणे सोपे नसते. कुठलाही अधिकारी म्हणेल, आता बसलेत तर बसू द्या. डिसेंबरात नागाओकाच्या कडेला तात्पुरती घरे तयार झाली तेव्हा तिथेही वाडीवार वाटप झाले. वसाहतीत पोस्ट आले, पोलीस चौकी आली, दवाखाना आला. शेजारी शेतीचे तुकडे मिळाले. डोंगरातली म्हातारी सकाळी उठून तिथे मुळे आणि कांदापात लावू लागली. खाली शहरात सगळे विकत मिळत होते. पण मुळा पिकवला की तो शेजारणीला देता येतो, आणि दिला की तिच्या दारात अर्धा तास उभे राहता येते. तीन वर्षांनी, २००७ च्या अखेरीस, साधारण सत्तर टक्के गावकरी डोंगरावर परतले होते.

मग ११ मार्च २०११ उजाडला. भूकंप, सुनामी आणि फुकुशिमाचा अणुअपघात. ५० हजारांहून जास्त तात्पुरती घरे बांधावी लागली, आणि त्याहूनही अधिक कुटुंबांना सरकारने भाड्याच्या घरांत ठेवले. भाड्याच्या घरातले लोक तर दिसेनासेच झाले. वसाहतीत निदान पत्ता असतो, सभागृह असते, मदतीची गाडी येऊन थांबते. शहरातल्या कुठल्याशा इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आपत्तीत सगळे गमावलेले कुटुंब राहते आहे, हे खालच्या मजल्यावर कळायचे कसे? घर जितके चांगले, तितका माणूस हरवलेला.

ईशान्य किनाऱ्यावर समुद्र आणि डोंगर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत सपाट जागा म्हणजे शाळांची मैदाने. घरे तिथे उभी राहिली. घाई होती, जागा तुटपुंजी होती, त्यामुळे यामाकोशीचे उदाहरण सगळ्यांना पाठ असूनही अनेक शहरे पुन्हा सोडतीवर आली. इवानुमा शहराने मात्र समुद्रकाठच्या सहा वाड्यांतील लोकांना वाडीवार एकत्र ठेवले. त्याच शहरात काही लोक सोडतीने, एकेकटेही घरांत गेले. आणि इथे एक विलक्षण योगायोग जुळून आला. सुनामीच्या सात महिने आधी, ऑगस्ट २०१० मध्ये, इवानुमातल्या पासष्टीच्या पुढच्या सगळ्या नागरिकांची एक आरोग्यपाहणी झाली होती. तुम्ही कुणाला भेटता, कुठल्या मंडळात जाता, गप्पा किती मारता, हे सगळे त्या प्रश्नावलीत होते. आपत्तीपूर्वी माणसे कशी होती हे संशोधकांना सहसा कधी कळत नाही. इथे ते कागदावर होते. २०१३ मध्ये त्याच माणसांना पुन्हा विचारले गेले. हिरोयुकी हिकिची, हार्वर्डचे इचिरो कावाची आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१७ मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये आला. सोडतीने एकटे हललेल्यांचे भेटणे-बोलणे आणि मंडळांत जाणे घटले होते. गटाने हललेल्यांचे वाढले होते. मला यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. सुनामीत घर गेल्यावरही, पत्र्याच्या घरात राहत असतानाही, ही म्हातारी माणसे आधीपेक्षा जास्त एकमेकांकडे जात होती.

गटाने नेणे जिथे शक्य झाले नाही तिथे काय करायचे? कामाइशी शहरातल्या हेइता वसाहतीत २४० घरे होती. जपानमध्ये घराचे तोंड दक्षिणेला हवे, ऊन हवे, हा नियमच मानला जातो. त्यामुळे तात्पुरत्या वसाहतीतल्या सगळ्या ओळी एकाच दिशेला तोंड करून उभ्या असतात, आणि प्रत्येकाच्या दारासमोर पुढच्या ओळीची पाठ येते. दिवसभर दार उघडे ठेवले तरी दिसणार काय, तर भिंत आणि गॅसचे नळकांडे. टोकियो विद्यापीठाच्या वार्धक्य-अभ्यासकांनी आणि वास्तुतज्ज्ञांनी हेइताच्या एका भागात ओळी समोरासमोर वळवल्या. मधल्या गल्लीवर छप्पर घातले, लाकडी फळ्यांची ओसरी केली, म्हणजे चाकाच्या खुर्चीवरच्या माणसालाही पायरी न उतरता पलीकडे जाता येईल. निम्म्या घरांचे ऊन गेले. बदल्यात समोर एक दार आले. वसाहतीतच दवाखाना, दिवसभराचे देखभाल केंद्र आणि दुकाने आणली. चाळीत वाढलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही, पण हे नवल तिथे सरकारी नियमांशी भांडून मिळवावे लागले.

फुकुशिमा प्रांतातल्या सोमा शहराचा उपाय याहून साधा. तेव्हाचे महापौर हिदेकियो ताचिया हे पेशाने डॉक्टर. त्यांनी वसाहतीतल्या लोकांना रोज संध्याकाळचे जेवण द्यायचे ठरवले, पण ते दारात पोचवले नाही. सभागृहात येऊन घेऊन जायचे. जो आला नाही त्याच्याकडे कुणीतरी बघायला जायचे. ओळीओळीला एक प्रमुख नेमला, त्यांवर वसाहतीचा प्रमुख, आणि त्यांना त्या कामाचा मोबदला दिला. फिरत्या हातगाडीवरून सामान विकणारी माणसेही रोजगार म्हणून नेमली. ती विकता विकता चौकशी करत. एका डॉक्टराने ताटाचा उपयोग हजेरीसारखा करून घेतला.

या सगळ्याची एक उबग आणणारी बाजूही होती, आणि ती सांगितल्याशिवाय चित्र खरे होत नाही. महामार्गालगतच्या वसाहतींत दर आठवड्याला कुणी ना कुणी येई: वाद्यवृंद, कुस्तीगीर, दूरच्या शाळेची मुले, मालिशवाले, कंपन्यांची पथके. आत वळणावरच्या वसाहतींत कुणी फिरकत नसे. येणाऱ्यांसाठी रहिवाशांनी सभागृहात जमायचे, टाळ्या वाजवायच्या, वाकून आभार मानायचे. सतत उपकृत राहण्याचा थकवा ही तात्पुरत्या घरांतल्या लोकांची खरी तक्रार होती, आणि ती तोंडावर बोलून दाखवण्याची सोय नव्हती. कोबेच्या भूकंपानंतर पहिल्या वर्षात १३ लाखांच्या आसपास स्वयंसेवक आले, जपानमध्ये स्वयंसेवेचे युग तिथून सुरू झाले असे म्हणतात, १९९८ मध्ये स्वयंसेवी संस्थांसाठी कायदाही झाला. यांतल्या टिकून राहिलेल्या आणि रुजलेल्या पद्धती पाहाव्यात तर त्या बिनआवाजाच्या आहेत. उदाहरणार्थ, गरम पाण्यात पाय बुडवून बसण्याची सोय. एक घमेले, एक तरुण स्वयंसेवक, आणि समोर बसलेले म्हातारे माणूस. तो हात चोळतो, माणूस बोलते. समोरासमोर बसून प्रश्न विचारले असते तर एक शब्द निघाला नसता.

कोबेच्या आधी सव्वा वर्ष आपल्याकडे किल्लारी झाले होते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे, गणेश विसर्जन करून गावे झोपली होती. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे जड माळवद. त्याखाली सुमारे आठ हजार माणसे गेली. जी उरली ती पत्र्याच्या शेडमध्ये आली. मराठवाड्याचा उन्हाळा ज्याने पाहिला आहे त्याला पत्र्याखालचा मे महिना सांगायला नको. दुपारी माणसे शेडबाहेर, बाभळीच्या सावलीत. पण एक गोष्ट कोबेहून वेगळी झाली. शेड गावाच्या आसपास, शिवारातच उभे राहिले. खरीप-रब्बी थांबत नाही, जनावरे सोडून जाता येत नाही, म्हणून गाव पांगले नाही. जे कोबेला तज्ज्ञांनी शिकवावे लागले ते इथे शेतीने करून टाकले.

मोडतोड इथे नंतर झाली. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, जागतिक बँकेच्या कर्जातून आणि देशभरच्या संस्थांच्या पैशातून. घर किती मोठे, हे जमिनीवर ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, त्यावर ७५०. म्हणजे कोबेत तात्पुरते म्हणून दिलेले घर किल्लारीच्या भूमिहीनाच्या कायमच्या घरापेक्षा मोठे होते. नव्या गावांचे आराखडे बुद्धिबळाच्या पटासारखे आखले गेले, रस्ते रुंद, घरे सुटी सुटी. वाड्याचा चौक गेला, गोठा गेला, भावकीची सामायिक भिंत गेली. शेते लांब पडली. काही गावांत आकाराप्रमाणे ओळी पडल्या, काहींनी वाटपाच्या वेळी आपापल्या गल्ल्या मागून घेतल्या.

आणि इथे जपानचे उदाहरण आपल्याकडे जसेच्या तसे उचलता येत नाही. आपल्याकडे गल्ली मागणे म्हणजे बहुधा जात मागणे. वाडीवार वाटप करा म्हटले की जुन्या गावाचा नकाशा नव्या जागेवर उमटतो, वेशीबाहेरच्या घरांसकट. पाणवठा, देऊळ, पाराजवळची जागा यांच्यासह. सोडतीने कुणाला कुणाच्या शेजारी आणले असते, हा प्रश्न मला जपानी संशोधन वाचताना सतत टोचतो. जुना शेजार राखायचा की जुनी वेस मोडायची, यात मराठवाड्यातल्या दलित भूमिहीनाने काय निवडले असते ते कुणी विचारून ठरवले नाही. जमिनीच्या उताऱ्यावरून ठरले.

विचारणे मात्र एका ठिकाणी घडले. स्थलांतरित न झालेल्या हजारावर गावांत घरे दुरुस्त करून मजबूत करायची होती, आणि सरकारी अनुदान, अभियंता, सिमेंट यांच्या भानगडीत घरमालकाला मदत करायला गावागावांत संवाद-सहायक नेमले गेले. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने या कामात महिला मंडळांच्या बायकांना पुढे आणले. लातूर-उस्मानाबादच्या बायका हप्त्याचा हिशेब, कोपऱ्यातले दगड, लिंटेलची पट्टी यांबद्दल बोलू लागल्या. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा यांच्यातल्या काही जणी तिथे गेल्या. भाषा येत नव्हती, पण पंचनाम्यात काय लिहून घ्यायचे हे कच्छच्या बाईला मराठवाड्याची बाई सांगू शकत होती.

त्यानंतरची आपली उदाहरणे लहान आहेत आणि बहुतेक दरडींची. माळीण, ३० जुलै २०१४: १५१ मृत्यू, आणि वाचलेल्यांना एप्रिल २०१७ मध्ये आमडे येथे नवे गाव मिळेपर्यंत पत्र्याचे शेड. तळिये, २२ जुलै २०२१: कंटेनर. इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३: खाली चौकजवळ पुन्हा कंटेनर. कोकणात पाऊस आणि उकाडा एका पत्र्याखाली कसा सहन होतो याच्या बातम्या सुरुवातीला येतात, मग थांबतात. इर्शाळवाडीची ठाकर कुटुंबे एकमेकांच्या नात्यातली, वाडी एक, छावणी एक. त्यामुळे शेजार आपोआप टिकला. तो कुणी ठरवून टिकवला नव्हता. डोंगरावरून खाली, रस्त्याकडेला आल्यावर रानातली वाट, सरपण, भाजीपाला आणि पावसाळ्यातले ट्रेकर यांवर चाललेल्या जगण्याचे काय झाले, हा वेगळा लेख होईल. आणि ‘तात्पुरते’ या शब्दावर मुंबईकराने विश्वास ठेवूच नये. संक्रमण शिबिरांत जन्मलेल्या मुलांची तिथेच लग्ने लागली आहेत.

जपानमध्ये तात्पुरत्या घराची कायदेशीर मुदत दोन वर्षांची. कोबेत ती पाचवर गेली. जानेवारी २००० मध्ये शेवटचे कुटुंब बाहेर पडले. कुठे? बहुतेक गरीब आणि म्हातारे सरकारी उंच इमारतींत. घर पक्के, लिफ्ट, लोखंडी दार. पाच वर्षांत पातळ भिंतींच्या आड, चहाच्या आणि भांडणांच्या निमित्ताने जो काही शेजार जमला होता तो पुन्हा चिठ्ठीने वाटला गेला. या पक्क्या घरांत एकट्याने मेलेल्यांची संख्या पुढच्या वर्षांत हजाराच्या वर गेली. तात्पुरत्या घरांच्या चौपटीहून जास्त, अर्थात काळही कितीतरी लांब.

सोमाने यावरही आपला तोडगा काढला. एकट्या वृद्धांसाठी बांधलेल्या पक्क्या, बैठ्या चाळवजा घरांत खोल्या वेगळ्या ठेवल्या आणि कपडे धुण्याची यंत्रे मुद्दाम सामायिक जागेत मांडली. प्रत्येकाला घरात यंत्र देणे अवघड नव्हते. पक्क्या घरात हलताना होणारी ही मोडतोडच टाळण्याचा प्रयत्न पुढे नोतो द्वीपकल्पात झाला. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपानंतर तिथे सात हजारांच्या जवळपास तात्पुरती घरे झाली. त्यांत काही लाकडी आहेत, पुढे कायमची घरे म्हणून वापरता येतील अशी, म्हणजे माणसांना पुन्हा उठावे लागू नये. सुझुसारख्या लहान शहरात निम्म्याहून अधिक लोक पासष्टीच्या पुढचे. तिथे तिसऱ्यांदा घर बदलायला ताकद आणायची कुठून? तरी सप्टेंबर २०२४ च्या अतिवृष्टीत वाजिमा आणि सुझु इथल्या काही वसाहतींत पाणी शिरलेच. सपाट जागा नदीकाठचीच उरली होती.

कोबेच्या पक्क्या घरांचे एक प्रकरण मात्र संपता संपत नव्हते. सरकारी इमारती कमी पडल्या म्हणून पालिकांनी काही घरे दुसऱ्या मालकांकडून वीस वर्षांच्या कराराने भाड्याने घेऊन भूकंपग्रस्तांना दिली होती. २०१५ पासून करार संपू लागले, आणि पालिकांनी राहणाऱ्यांना घर रिकामे करा असे कळवले. पन्नाशीत आत गेलेली माणसे आता सत्तरी-ऐंशीत होती. डॉक्टर इथला, दुकान इथले, वीस वर्षांत जोडलेले शेजारी इथले. काही जण हलले नाहीत. कोबे आणि निशिनोमिया पालिकांनी त्यांच्यावर दावे लावले, आणि न्यायालयांनी बहुतांशी पालिकांच्या बाजूने निकाल दिले. सगळ्यांनाच उठवणे बरे दिसत नव्हते, म्हणून कोबेने काही निकष काढले: फार गंभीर अपंगत्व असेल, देखभालीची गरज ठरावीक पातळीच्या वर असेल, किंवा वय ८५ पूर्ण असेल, तर राहा. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला बांधाबांध करावी लागणार होती.